हॉलतिकीट शाळेत, मुलगी फडात

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेतले सहावी ते आठवीचे वर्ग वर्षातून दोनदा मोजा. एकदा ऑगस्टात, एकदा जानेवारीत. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, कुठलाही तालुका घ्या. ऑगस्टात बाकावर दाटीवाटीने बसलेली मुलं जानेवारीत दिसत नाहीत. हजेरीपटावर नावं तीच असतात. मुलं कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या उसाच्या फडात असतात, काही तर थेट बेळगावकडे.

ऊसतोडीसाठी मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली, दिवाळी सरली की टोळी निघणार. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघं पहाटे फडात गेली की कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी, कोणीतरी लागतं: धाकट्याला सांभाळायला, पाणी भरायला, भाकरी थापायला. बारा-तेरा वर्षांची पोर हे सगळं करू शकते, म्हणून तीच जाते. म्हणजे नेमकी सातवी-आठवीतली. पहिलीतलं पोर आजीजवळ ठेवता येतं, सातवीतल्या मुलीला मागे ठेवायला आई घाबरते. तिच्या घाबरण्याला कारण आहे. गावात राहतात ती म्हातारी माणसं, आणि मोठ्या होत चाललेल्या मुलीची जबाबदारी त्यांच्या गळ्यात टाकायची तिची हिंमत होत नाही.

आता या शाळेचा निकाल बघा. जुलै-ऑगस्टात पायाभूत चाचणी, ऑक्टोबरात संकलित एक, एप्रिलात संकलित दोन. मुलगी पहिल्या दोन्ही चाचण्यांना असते. मार्च-एप्रिलात टोळी परतली तर तिसरीलाही बसते. अपूर्णांक, समीकरणं, इंग्रजीचे धडे, जे काही नोव्हेंबर ते मार्चमध्ये शिकवलं गेलं, ते मात्र तिच्या कानावर पडलेलंच नसतं. मग तक्त्यात शाळेच्या नावापुढे कमी आकडा उमटतो आणि बैठकीत गुरुजींना विचारतात, ‘प्रगती का नाही?’ २०२३-२४ पासून आठवीची वार्षिक परीक्षाही पुन्हा आली आहे. नापास झालात तर फेरपरीक्षा, तीत नापास झालात तर पुन्हा तोच वर्ग. जे शिकवलं तेव्हा मूल तिथं नव्हतं, त्याची परीक्षा घेऊन त्याला मागे ठेवायचं, याला मी अन्याय म्हणतो. दुसरा शब्द मला सापडत नाही.

यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीत मुलाची जात, धर्म, मातृभाषा, दारिद्र्यरेषा, अपंगत्व, सगळं भरून घेतात. ती माहिती हवीच, ती नसती तर कोण मागे राहिलं हे कळलंच नसतं. पण या पट्ट्यात वंजारी, बंजारा, मराठा, बौद्ध, मातंग घरांतली मुलं एकाच ट्रकमध्ये बसून जातात. या शाळांचा निकाल समजून घ्यायचा तर जातीच्या रकान्याशेजारी महिन्यांचा रकाना ठेवा. मूल किती महिने वर्गात होतं? आणि जितके महिने होतं, तितक्यात ते कुठून कुठवर आलं? एवढं बघितल्याशिवाय शाळेला चांगली किंवा वाईट म्हणायचा अधिकार कोणालाही नाही.

सगळ्यात जास्त राग मला एका परीक्षेचा येतो, कारण ती याच मुलांसाठी आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, सगळे जिला एनएमएमएस म्हणतात. २००८ च्या सुमारास केंद्राने ती सुरू केली ती आठवीनंतरची गळती थांबावी म्हणून. सरकारी आणि अनुदानित शाळेतलं मूल, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. उत्तीर्ण होऊन निवड झाली की नववी ते बारावी चार वर्षं दरसाल १२ हजार रुपये. राज्याच्या वाट्याला वर्षाला ११ हजार ६८२ शिष्यवृत्त्या येतात. कोयत्यावरच्या घराला चार वर्षांचे ४८ हजार म्हणजे किती, हे त्या घरालाच विचारा. एखादी उचल कमी घेता येईल, पोरीचं लग्न चार वर्षं पुढं ढकलता येईल.

ही परीक्षा महाराष्ट्रात डिसेंबरात होते.

डिसेंबर म्हणजे गळीत हंगामाचा ऐन भर. गुरुजी मुलं गावात असतानाच अर्ज भरून ठेवतात. हॉलतिकीट येतं तेव्हा मुलगी तीनशे किलोमीटरवर उसाचं वाढं बांधत असते. पाचवी-आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षाही काही वर्षं फेब्रुवारीतच आल्या, तेव्हाही ती तिथंच असायची. गरिबांसाठी काढलेल्या परीक्षेला सगळ्यात गरीब मूलच पोचू शकत नाही आणि वर्षानुवर्षं ही तारीख कोणाला खुपत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. कारखान्यांच्या तालुक्यांत परीक्षा केंद्रं द्या. अर्ज गावच्या शाळेतून आला तरी पेपर शिरोळ, वाळवा, माळशिरस इथं देता यावा. कोणत्या टोळ्या कुठं जातात हे कारखान्यांना ठाऊक असतं, त्यांचे करार झालेले असतात, मुकादमांच्या याद्या तयार असतात. उसाचं वजन किलोपर्यंत मोजणाऱ्या व्यवस्थेला कोपीतली मुलं मोजता येत नाहीत, हे मला पटत नाही.

दुसरं, हंगामी वसतिगृहं. मुलांनी गावातच राहून शिकावं, दोन वेळचं जेवण मिळावं, ही योजना आहे आणि चांगली आहे. पण अनेकदा तिची मंजुरी टोळ्या गेल्यानंतर येते. ट्रक निघून गेल्यावर उघडलेलं वसतिगृह कोणाला रोखणार? मोठ्या मुलींसाठी तिथं रात्रीची बाई हवी, कडी लागणारं दार हवं, चालू अवस्थेतलं स्वच्छतागृह हवं. एवढं असेल तर आई पोरीला मागे ठेवेल. नसेल तर ठेवणार नाही, आणि तिचं चुकत नाही.

शिक्षण हक्क कायद्यातलं ९वं कलम उघडून बघा. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश होईल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, असं त्यात सरळ लिहिलंय. कायदा २००९ चा. त्या साली जन्मलेली मुलगी आता कोयता धरण्याच्या वयाची झाली आहे.

दिवाळीनंतर ट्रक पुन्हा भरतील. या वेळी केंद्रांची यादी आणि वसतिगृहांची मंजुरी नवरात्राआधी निघाली पाहिजे.