कळवायचं राहून गेलं

दोन वर्षांपूर्वी, रब्बी कांद्याची लागण चालू असताना, कृषी शिक्षण घेणारी एक मुलगी अहिल्यानगरजवळच्या आमच्या केडगावच्या मळ्यात आली. हातात चौदा पानांची प्रश्नावली होती. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लागणीचं काम बायांवर सोपवलं, तिला चिंचेखाली बसवलं, घरी चहा सांगितला आणि पावणेदोन तास उत्तरं दिली. बी घरचं की विकतचं? करपा कधी पडतो? चाळीत किती कांदा सडतो? नवी माहिती कुणाकडून मिळते? निघताना ती म्हणाली, "आप्पा, अभ्यास पुरा झाला की काय निघालं ते कळवते." त्यानंतर दोन लागणी झाल्या. आप्पा अजून विचारतात, "त्या पोरीचं काय निघालं रे?"

माझी तक्रार एवढ्याच मापाची आहे. असल्या बारीक तक्रारी कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. मी त्या लिहून काढायचं ठरवलं.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचं ऋण मला पुरतं ठाऊक आहे. केडगावातून मनमाड रस्त्याने सुमारे 40 किलोमीटर गेलं की राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागतं. 1968 पासून ते उभं आहे. कांद्याचे 'बसवंत 780' आणि 'फुले समर्थ' तिथले. डाळिंबाचा 'भगवा' तिथला, 'फुले त्रिवेणी' गाय तिथली. ज्या 86032 उसाच्या जोरावर कित्येक कारखाने चालले, त्याची महाराष्ट्रासाठीची शिफारस पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची, आणि ते केंद्रही याच विद्यापीठाचं. राजगुरुनगरला केंद्र सरकारची कांदा-लसणाची स्वतंत्र संस्था आहे. 'भीमा शक्ती', 'भीमा किरण' या तिच्या जाती. नेप्तीच्या कांदा बाजारात उतरणाऱ्या गोण्यांमागे अशी कित्येक वर्षांची मेहनत आहे. जे आपलं आहे आणि चांगलं आहे, ते हाताशी येता येता थांबतं, याचाच त्रास होतो.

पहिली तक्रार मापाची. कांद्याला हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश द्यावं, अशी शिफारस असते. शिफारस पक्की आहे, प्रयोगातून आलेली आहे. पण आमच्याकडे हेक्टरात कुणी शेत मोजत नाही. आमची जमीन एकरात आणि गुंठ्यात, खत गोणीत आणि औषध पंपात. मी एकदा वही घेऊन बसलो. हेक्टरी 100 किलो म्हणजे एकरी 40 किलो नत्र. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे एकरी 87 किलो युरिया. गोणी 45 किलोची. सगळं नत्र युरियातून द्यायचं धरलं, तर एकराला दोन गोण्यांना तीन किलो कमी. निम्मं लागणीच्या वेळी आणि उरलेलं दोन सारख्या हप्त्यांत, तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे एक गोणी, मग अर्धी, मग अर्धी. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग असं लिहायला काय झालं त्यांना?" फवारणीचंही तसंच. हेक्टरी 500 लिटर पाणी म्हणजे एकरी 200 लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाने तेरा पंपांहून थोडं जास्त. हा हिशेब संशोधकाने एकदा करून छापला, तर हजारो बांधांवर तो चुकायचा थांबेल. चुकीची किंमत तिथे मोजावी लागते: औषध कमी पडलं तर फुलकिडे मरत नाहीत, जास्त पडलं तर पात पोळते.

दुसरी तक्रार अक्षरांची. एका सरकारी संस्थेची मराठी पुस्तिका मी संगणकावर उघडली. चित्रं दिसली, मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. पुस्तिका जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. त्या पद्धतीत आत साठवलेली अक्षरं रोमनच असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठीचं रूप देतो. तो फॉन्ट आपल्याकडे नसला की रूप जातं. याहून मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. 'कांदा करपा' असं लिहून शोधणाऱ्या पोराला ती पुस्तिका कधीच सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी त्या पानावर 'करपा' हा शब्दच नसतो. कागदाचे फोटो काढून चढवलेल्या पुस्तिकांचंही तेच. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली. कुणीतरी मराठीत लिहिण्याचे कष्ट घेतले होते, ते अशा क्षुल्लक कारणाने वाया गेलेले पाहून जीव हळहळतो.

तिसरी तक्रार कुलपाची. चाळीतल्या कांद्याच्या सडीवरचा एक निबंध मला हवा होता. लेखक आपल्याच देशातल्या सरकारी प्रयोगशाळेतले, पगार आणि प्रकल्पाचा खर्च सरकारी तिजोरीतला. सारांश वाचता आला. पुढचं वाचायला परदेशी प्रकाशक डॉलर मागत होता. त्या तिजोरीत आप्पांनी विकत घेतलेल्या प्रत्येक साबणाच्या वडीवरचा करही आहे. 2013 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने आणि 2014 मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान व विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी धोरणं केली, की सरकारी पैशातून निघालेले निबंध खुल्या भांडारात ठेवावेत. धोरण चांगलं आहे, ते निबंधागणिक पाळलं जायला हवं. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं: तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं, 6,300 हून अधिक सरकारी संस्था. तिथल्या विद्यार्थ्यांची आणि संशोधकांची मोठी सोय झाली, याचा मला आनंद आहे. पण दार संस्थेच्या ओळखीवर उघडतं. केडगावचा शेतकरी, निवृत्त शिक्षक, खासगी दवाखाना चालवणारा डॉक्टर हे सगळे अजून बाहेरच उभे आहेत.

चौथी तक्रार नावाची. हवामानाचा अंदाज पाहावा म्हणून 'केडगाव' लिहिलं की पुष्कळदा दौंड तालुक्यातलं केडगाव पुढे येतं. पुणे जिल्ह्यातल्या त्या गावाचा पाऊस पाहून आम्ही इथे एकदा काढलेला कांदा झाकायला धावलो, आणि एकदा झाकायचा राहिला. गावाच्या नावापुढे तालुका आणि जिल्हा ठळक लिहिला तर एवढ्यावर भागतं. आमचं केडगाव महसूल मंडळ आहे. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्यांची चक्रं हलतात. ज्या आकड्यावर एवढं अवलंबून आहे, तो मोजणारं यंत्र कुठे आहे आणि कसं मोजतं, हे एकदा गावाला नेऊन दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.

पाचवी तक्रार दाराची. 28 फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. एका संस्थेत त्या दिवशी प्रदर्शन आहे असं कळलं म्हणून भाचीला घेऊन गेलो. भिंतीवरचे सगळे तक्ते इंग्रजी. सहावीतली पोर एकेका तक्त्यापुढे थांबायची आणि माझ्या तोंडाकडे पाहायची. समजावून सांगायला तक्त्याजवळ कुणी नव्हतं. परतताना ती म्हणाली, "मामा, चित्रं छान होती." तिचं ते समजूतदार बोलणं मला फार लागलं.

हे वेगळं घडू शकतं, घडतंही. कल्याण रस्त्याने आळेफाट्याकडे गेलं की तिथून पुढे नारायणगावजवळ खोडद आहे. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण: 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. दरवर्षी विज्ञान दिनाला ती लोकांसाठी खुली असते आणि आसपासच्या शाळांची पोरं आपापले प्रयोग मांडतात. जयंत नारळीकरांसारखा जगाने मानलेला शास्त्रज्ञ मराठीत विज्ञानकथा लिहीत राहिला, शाळकरी पोरांशी बोलत राहिला. राहुरीची 'कृषिदर्शनी' आमच्या घरात हळदीचे डाग पडेपर्यंत वापरली जाते. जिथे कुणी मनावर घेतलं तिथे हे झालं आहे. माझं मागणं आहे की ते कुणाच्या मनावर अवलंबून राहू नये.

कारण नियम आपल्या बाजूचा आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी लढा दिला. पुढे 2005 मध्ये देशाचा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे की, सरकारी यंत्रणांनी आपणहून द्यायची माहिती पसरवताना स्थानिक भाषा आणि त्या भागातली परिणामकारक पद्धत विचारात घ्यावी. त्याच्याही कितीतरी आधी, 1883 मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत. शेतकऱ्याशी कुठल्या भाषेत बोलावं, याचा धडा आपल्याकडे एवढा जुना आहे.

मला संशोधकांची अडचणही दिसते. नेमणुकीत आणि पदोन्नतीत शोधनिबंध मोजले जातात. बांधावर घालवलेली दुपार कुणी मोजत नाही. मग ती मोजा. प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी एक पान मराठी लिहून घ्या: काय शोधलं, काय निघालं, काय निघालं नाही. माप एकराचं, गोणीचं, पंपाचं. अक्षरं युनिकोडमध्ये. निबंधाची खुली प्रत. आणि ज्यांनी आपला वेळ, आपलं शेत, आपली माती दिली, त्यांना ते पान आधी. हे पान हाती पडेपर्यंत प्रकल्प पुरा झाला असं धरूच नये.

त्या मुलीवर माझा राग नाही. तिला कुणी सांगितलंच नसेल की उत्तर परत नेऊन देणं हाही अभ्यासाचा भाग असतो. तिचा प्रबंध आता कुठल्यातरी कपाटात असेल, आणि त्यातल्या एखाद्या तक्त्यात आप्पा एका टक्क्याचा अंश होऊन बसले असतील. तो तक्ता मला त्यांना दाखवायचा आहे. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. यंदाच्या लागणीलाही त्यांनी चिंचेखालची बाज झटकून ठेवली आहे. म्हणतात, "सांगायला येईल ती, बसायला जागा नको का?"