फ्लिपरला तेल नको

कुरकुरणाऱ्या वस्तूला तेल पाजणं हा आपल्याकडचा पहिला आणि बहुधा शेवटचा उपाय. दाराची बिजागरी, शिवणयंत्र, सायकलची चेन, रविवारी स्वतःचं डोकं. पिनबॉलच्या यंत्राचा फळा वर उचलला की मराठी हात तेलाची बुधलीच शोधणार. पण शिकागोच्या आमच्या उपनगरात तळघरात जुनी यंत्रं सांभाळणारे एक म्हातारबुवा आहेत. त्यांच्यासमोर तेलाचं नाव काढणं म्हणजे आजीसमोर चपला घालून देवघरात जाणं.

कारण साधं आहे. गोळीला फटका मारणाऱ्या फ्लिपरच्या कॉईलमध्ये नायलॉनची नळी असते आणि तिच्यातून लोखंडी दट्ट्या आतबाहेर पळतो, तो कोरडाच. तेल घातलं की थोडे दिवस तो खूश. मग धूळ, धातूची काजळी आणि तेल यांचा काळा राडा होतो नि दट्ट्या रुसून बसतो. तसाही तो दर फटक्याला थांब्यावर आपटून आपटून टोकाला चेपतो, पसरतो आणि नळीत घासू लागतो. तेव्हा दट्ट्या, नळी, थांबा बदलायचे. तेलाचं काम नाही.

हे फ्लिपर तरी आले कधी? 1947 साली, शिकागोच्याच गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात. हॅरी मॅब्स यांनी त्यात चक्क सहा बसवले. त्याआधी गोळी एकदा सोडली की खेळाडूच्या हाती यंत्राला धक्के देण्यापलीकडे फारसं काही नसे. हा निव्वळ जुगारच, असं म्हणून न्यूयॉर्कने 1942 मध्ये पिनबॉलवर बंदी घातली. ती उठायला 1976 उजाडलं. तेव्हा पिनबॉलमध्ये मुरलेल्या रॉजर शार्प यांना अधिकाऱ्यांसमोर खेळून दाखवावं लागलं होतं. यात हाताचं कसब आहे, हे पटवायला.

मला मात्र सगळ्यात आवडते ती फ्लिपरखालची एक चिमुकली पत्ती. जुन्या फ्लिपरच्या कॉईलमध्ये तारेचे दोन वेढे असतात, एक जाड, एक बारीक. बटण दाबलं की जाड तारेतून विजेचा लोंढा येतो आणि फ्लिपर फाडकन उठतो. तो पूर्ण उठला की त्याचाच दांडा त्या पत्तीला ढकलतो, जोड उघडतो आणि बारीक तारही वाटेत येते. वीज एकदम कमी होते. आता नुसतं धरून ठेवायचं आहे, त्याला एवढी पुरते. पत्ती उघडलीच नाही, तर कॉईल तापते, जळका वास सुटतो आणि नशीब चांगलं असेल तर फ्यूज आधी जातो. उलट पत्तीचे बिंदू काळे पडले, तर फ्लिपर आजारी माणसासारखा जेमतेम हात उचलतो. लोक नवी कॉईल मागवतात. म्हातारबुवा आधी प्लग काढतात, मग बारीक कानस फिरवतात, पत्ती केसभर वाकवतात. ते ‘केसभर’ किती, हे विचारलं तर म्हणतात, “जास्त नाही.”

गेल्या आठवड्यात डावा फ्लिपर असाच ठणठणीत झाला. मी खेळायला उभा राहिलो. गोळी रॅम्पवरून आली आणि दोन्ही फ्लिपरांच्या बरोबर मधून, कुणालाही न शिवता, खाली गेली.

“उजव्याचीही पत्ती बघू या का?” मी विचारलं.

“उजवा कालच केलाय,” म्हातारबुवा म्हणाले.