'हुश्श'चं स्पेलिंग

दादरला संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये मी आणि माझी नात चढलो. म्हणजे, चढवले गेलो. दोन्ही पाय आत आल्याची खात्री करून ती म्हणाली, "फ्यू!" माझं कोपर कुणाच्या तरी बरगडीत, नाकासमोर परकी काख. मी म्हटलं, "अगं, फ्यू कसले? मेनी म्हण, मेनी!"

आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं. महाराष्ट्रात ते पहिलीत उतरलं २००० साली. तोवर आमची मुलंही शिकून मोकळी झाली होती. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांतल्या फरकापायी मी सरांची छडी खाल्लेली.

"आजोबा, तो फ्यू नाही. हा पी-एच-ई-डब्ल्यू. आपण हुश्श म्हणतो ना, तो!"

सुस्काऱ्यालाही स्पेलिंग! आमचा जीव आपला थेट भांड्यात पडतो. भांडं कुठलं, ते आजीनेही कधी सांगितलं नाही.

घरी शब्दकोश उघडला. हाच उद्गार उकाड्याला चालतो आणि घाणेरड्या वासालाही, असं तिथे होतं. ते मी वाचलं आणि विसरलो.

नोव्हेंबर उजाडला. पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना. यंत्रावर अंगठा ठेवला, जुळेना. पुसून ठेवला, फुंकर मारून ठेवला. तेहतीस वर्षं फळ्यावर गणितं मांडली, रेषा बहुतेक खडूबरोबरच झिजल्या. रांगेतल्या मागच्या गृहस्थांनी तर माझ्याकडे दुखवट्याच्या नजरेनं पाहिलं. पाचव्या खेपेला हिरवा दिवा लागला. मी जिवंत!

नवा शब्द वापरायची हीच वेळ. ओठांचा चंबू केला, आधी पी आठवला, मग एच, आणि कारकुनाच्या तोंडावर सोडला, "फ्यू!"

त्याने घाईघाईने टेबलावरचा डबा झाकला. "सॉरी हं काका. बोंबील आहे."

बाहेर येऊन पायरीवर टेकलो. टेकता टेकता तोंडातून आपसूक निघालं, "हुश्श!" एकही अक्षर आठवावं लागलं नाही.

घरी नातीने दार उघडलं. "झालं काम? आहात ना जिवंत?"

"आहे. यंत्राने मान्य केलंय."

"फ्यू!"

"पुन्हा तेच! अगं, निदान आज तरी मेनी म्हण!"