खलनायिकेला होमखण परवडत नाही

हल्ली मालिकांत खलनायिका स्वखुशीने वाईट होत नाही. मागच्या जन्मीचा शाप असतो, नाहीतर राजपुत्राने दिलेला दगा. विष कालवताना तिचा हात थरथरतो, मागे व्हायोलिन रडते आणि प्रेक्षक तिला माफ करून मोकळा! ज्याने ते विष प्यायले त्याचे पुढे काय झाले, हे विचारायचे नसते.

गोव्यात, डिचोलीतल्या शिरगावची देवी लईराई असल्या लेखकांच्या हाती लागली नाही, हे बरेच झाले. सात बहिणींचा भाऊ खेतोबा. त्याला विस्तव आणायला धाडले, तर हा खेळातच रमला. लईराईने रागाच्या भरात लाथ मारली. मग पस्तावली आणि निखाऱ्यांवरून चालायचे प्रायश्चित्त घेतले, असे सांगतात. संपली गोष्ट. मालिकेत नुसत्या लाथेला चार भाग लागले असते: पाय उचलण्याआधी तिचे बालपण, पाय हवेत असताना एक प्रेमगीत, आणि टेकल्यावर कळते की चूक खेतोबाच्या सवंगड्यांची!

इथे देवीची बाजू सावरायला कोणी निवेदक नाही. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत, व्रत पाळलेले हजारो भक्त, म्हणजे धोंड, हातात वेताची काठी, गळ्यात मोगरा घालून अनवाणी होमखणातून, म्हणजे धगधगत्या निखाऱ्यांतून, जातात. जळते ते त्यांच्याच पायांखाली.

मालिकेतल्या बाईसाहेबांचा पश्चात्तापही रंगतो म्हणा. राजवाड्याच्या गच्चीवर, वाऱ्यावर केस सोडून, उंच टाचांच्या चपला घालून. पुढच्या भागात लग्न.