‘माझी नोंद’ या कोऱ्या पानास अनावृत पत्र

प्रति,
माननीय कोरे पान,
मुक्काम पाठाच्या शेवटी.

विषय : अपेक्षित वापर न झाल्याबद्दल सांत्वन.

महोदय,

राज्य शासनाने 2023-24 या शैक्षणिक वर्षात दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत आपली नेमणूक केली, तेव्हा वेगळी वही अनावश्यक ठरवून दप्तराचे ओझे कमी करणे आणि वर्गात ऐकलेल्यातले मोलाचे ते मुलाकडून त्याच्याच हाताने टिपून घेणे अशा दोन कामगिऱ्या आपल्यावर सोपवण्यात आल्या होत्या. पुस्तकात पाने वाढवून दप्तर हलके होईल, हा सिद्धान्त पुस्तकाचे चार भाग केल्यामुळे काही काळ टिकला. पुढे जानेवारी 2025 मध्ये आपली सेवा संपुष्टात आणताना, विद्यार्थी आपला अपेक्षित वापर करीत नाहीत आणि वह्या आणायच्या त्या आणतातच, असे कारण नोंदवण्यात आले. पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याला आता निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी मिळते. आपणांस ती मिळाली नाही, हे नमूद करणे भाग आहे.

अपेक्षित वापर म्हणजे नेमके काय, हे उमगण्यासाठी आपण ज्या घरात नांदलात त्याची रीत पाहणे इष्ट ठरते. 2010 पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन रूढ आहे. वर्षाअखेरच्या एका परीक्षेवर विसंबून न राहता मूल वर्षभर कसे शिकते हे पाहत राहण्याची ही पद्धत असून, निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या यांतून होते ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी होते ते संकलित मूल्यमापन, असे तिचे दोन भाग पडतात. पाचवी-सहावीत दोहोंना निम्मे-निम्मे वजन असते, सातवी-आठवीत आकारिकाला 40 आणि संकलिताला 60 टक्के असते आणि बेरजेवरून अ-1 ते ई-2 यांपैकी एक श्रेणी मुलाच्या वाट्याला येते. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे, आणि हे विधान उपरोधाने केलेले नाही.

उपरोधाला जागा मिळते ती वर्णनात्मक नोंदींपाशी. प्रत्येक मुलाची विशेष प्रगती, आवड आणि सुधारणा आवश्यक असलेली बाब शिक्षकाने प्रत्यक्ष निरीक्षणातून लिहावी, असा या नोंदींचा हेतू. तथापि निवडणुकीच्या याद्या आणि ऑनलाइन भरायची माहिती यांतून मान वर काढलेल्या शिक्षकाच्या हाती सत्राच्या शेवटी तयार नोंदींचा संच येतो, आणि ‘दिलेला स्वाध्याय वेळेत पूर्ण करतो’ हे वाक्य हजेरीपटावरील क्रमांक 7 पासून 11 पर्यंत एकाच शाईने, एकाच तिरप्या वळणात उतरत जाते. क्रमांक 9 मुलीचा असल्याने तेवढा ‘करतो’ खोडून ‘करते’ होतो. त्याच सुमारास मुलेही गृहपाठाची उत्तरे गाईडमधून वहीत उतरवत असतात, त्यामुळे शिक्षकाने उतरवलेली नोंद मुलाने उतरवलेल्या उत्तराचे मूल्यमापन करते आणि दोन्ही बाजूंचे समाधान होते. या सुरळीत व्यवहारात आपला एकच दोष राहिला : आपल्यावर काय उतरवायचे, ते कोणत्याही गाईडमध्ये छापलेले नव्हते.

खानदेशात आपली पंचाईत थोडी अधिकच झाली असणार. दिवाळीच्या आगेमागे चोपडा, धरणगाव, शिंदखेडा या पट्ट्यांत कापसाची वेचणी सुरू होते, मजुरी किलोवर ठरते, आणि शेतात आईच्या हाताखाली असलेले सहावीतले पोर संध्याकाळी काट्यावर गाठोडे चढले की भाव गुणिले वजन हा हिशेब मुकादमाच्या आधी तोंडी करून मोकळे होते. तोंडी काम हे आकारिक मूल्यमापनाचे मान्यताप्राप्त साधन आहे. परंतु काट्यापाशी कोणी नोंदवही नेत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोराच्या नावापुढे ‘गणिती क्रियांत मार्गदर्शनाची गरज’ असा शेरा पडू शकतो. स्वतःच्या शब्दांत लिहायचे म्हटले, तर त्याचे शब्द अहिराणी, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर पावरी. ते आपल्यावर उमटले असते तर लाल शाईने त्यांचे स्वागत झाले असते, हे मुलाला पुरते ठाऊक असल्यामुळे त्याने आपणांस कोरे ठेवले, यात त्याची समज दिसते, आळस नव्हे.

आपल्या नेमणुकीच्या आधी, सप्टेंबर 2022 मध्ये, तत्कालीन शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी गृहपाठच बंद करण्याचा विचार बोलून दाखवला होता, आणि त्यापूर्वी 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने सहावी ते आठवीसाठी दिवसाला फार तर एक तासाची मर्यादा सुचवली होती. गृहपाठ असावा की नसावा, किती मिनिटांचा असावा, यावर तावातावाने बोलले जाते. तो वाचणार कोण, हा प्रश्न मात्र चर्चेच्या पटावर क्वचितच येतो.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर अमळनेरात सापडते. प्रताप हायस्कुलात 1924 पासून शिकवणाऱ्या आणि तेथील छात्रालय सांभाळणाऱ्या साने गुरुजींनी मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवले. म्हणजे रोजचे पान आधी शिक्षकाच्या हातून भरत असे आणि मग मुलांपुढे येत असे. पुढे 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच टिपून घेतली, आणि त्या नोंदींचे झालेले पुस्तक अजून छापले जाते. टिपून घ्यावेसे काही समोर बोलले जात होते, ही त्या नोंदींची सोय आपल्या वाट्याला किती तासिकांत आली, हे आपणच सांगू शकाल.

तरी आपण आपला खुलासा सादर करावा. तो स्वतःच्या शब्दांत असावा, कोणत्याही बोलीत चालेल. त्यास गुण नाहीत, आणि तो तपासून परत मिळेल याची हमी देता येत नाही.

प्रत माहितीस्तव : वर्णनात्मक नोंदवही (क्रमांक 7 ते 11 यांनी एकच प्रत वाटून घ्यावी).