फिल्टरमहर्षी

कामणमध्ये कुणी घरात माशांची पेटी आणली, की संध्याकाळच्या चहाला फिल्टरमहर्षी हजर. दिवसभर चिंचोटी-भिवंडी रस्त्यालगतच्या एका गाळ्यात ते कॉम्प्रेसर सांभाळतात. त्यामुळे हवा आणि पाणी आपल्या शब्दाबाहेर नाहीत, अशी त्यांची खात्री. सगळे त्यांना काका म्हणतात.

काका पेटीसमोर उकिडवे बसतात, काचेवर टिचकी मारतात (मासे दचकतात, पण काकांना सांगणार कोण?) आणि विचारतात, "वहिनी, पंप किती लिटरचा?" वहिनी गप्प. "तासाला हजार लिटरच्या खाली काही घेऊच नका!"

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाणी मावतं जेमतेम ५६ लिटर. तासाला त्याच्या चौपट, म्हणजे सव्वादोनशे लिटर फिरलं तरी पुष्कळ. त्यात राहणार फायटर मासा, मूळचा थायलंडकडच्या भातखाचरांतल्या संथ पाण्यातला. हजार लिटरच्या झोतात तो विरार लोकलच्या दारातल्या प्रवाशासारखा काचेला चिकटतो. काका खूश : "बघा, कसा खेळतोय!"

स्पंज फिल्टरचं नाव काढलं तर ते दुखावतात. "एवढ्याशा स्पंजाला फिल्टर म्हणायचं? आमच्या कॉम्प्रेसरचा फिल्टर येऊन बघा एकदा." त्यांचं मन कॅनिस्टरवर, म्हणजे पेटीबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरवर. तो वाईट नाहीच. मोठ्या टाकीला उत्तम. पण आपल्याकडे पावसाळ्यात वीज गेली आणि तासन् तास आली नाही, की त्या बंद डब्यातला प्राणवायू संपतो आणि आतले जिवाणू मरू लागतात.

या जिवाणूंवर काकांचा विश्वास नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या पेटीत त्यांची वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. काका दर रविवारी कुणाकुणाचा फिल्टर क्लोरीनच्या पाण्याच्या नळाखाली धरून ती लख्ख धुऊन टाकतात. पुढच्या आठवड्यात मासे उताणे झाले, की निकाल ठरलेला : "दुकानदाराने माल कच्चा दिला."

एका घरातल्या आजींनी मात्र त्यांना अडवलं. आजींचं माहेर निर्मळचं. "आमच्या बावखलात कुठे होता रे पंप?" काका हसले. हसण्यासारखं काही नव्हतं. बावखल म्हणजे गावातलं तळं; त्याच्या गाळात, दगडांवर तेच जिवाणू असतात, पाणवनस्पती नायट्रेट खातात आणि माशांच्या मानाने पाणी अफाट असतं. पेटीत पाणी थोडं, म्हणून फिल्टर लागतो. एवढी साधी गोष्ट आजींना उमगलेली, काकांना नाही.

काकांच्या स्वतःच्या घरी चार फुटी टाकी आहे. फिल्टर सर्वांत मोठा, पाणी आरपार स्वच्छ. मासे नाहीत.

तुमची पेटी दोन फुटी असेल आणि आत फायटर किंवा थोडे गप्पी असतील, तर स्पंज फिल्टर आणि हवेचा छोटा पंप घ्या. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं त्यात शिरतं. बॅटरीवरचा एक पंप जवळ असू द्या. स्पंज मळला तर पेटीतूनच काढलेल्या पाण्यात दोन-चार वेळा पिळा, नळाखाली नको. आणि काका आले तर चहा जरूर द्या. स्पंज तेवढा त्यांच्या हाती देऊ नका.