वासाचा रकाना

घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या पद्मिनीला मिळायची आशा नाही, पण ती येतेय हे बोर्डी नाक्यापर्यंत लोकांना नाकानंच कळतं. गाडी १९८८ सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. वास पेट्रोलचा. काच खाली केली की मागून येतो, वर केली की आतच मुक्काम ठोकतो. सौभाग्यवती तर 'मी रिक्षानं येते' म्हणून गाडी सुरू व्हायच्या आत उतरतात.

पुण्याहून भाचा आला. त्यानं आधी बॉनेट उघडलं, मग मोबाइल, आणि निकाल दिला, "मामा, तुमचा चारकोल कॅनिस्टर कुणीतरी लंपास केलाय." म्हणजे कोळशाचा डबा. टाकीतली पेट्रोलची वाफ त्यातल्या दाण्यांना चिकटून बसते आणि इंजिन चालू झालं की ते ती ओढून जाळून टाकतं. झालं! घरात चोराचा शोध सुरू. संशय आधीच्या मालकावर, मग भंगारवाल्यावर. तो कोळसा करवंटीचाही करतात असं भाच्यानं सांगितल्यावर शेजारच्या वाडीतल्या इराणी शेठनी "ले डिकरा" म्हणत करवंट्यांचं पोतंच पाठवून दिलं.

गॅरेजचे मेस्त्री तेवढे शांत. म्हणाले, "नथ चोरीला गेली म्हणता, पण पोरीचं नाक टोचलं होतं का ते तरी बघा." बरोबरच होतं. आपल्याकडे पेट्रोलच्या वाफेला आवर घालायचा नियम १९९६ साली आला. अमेरिकेत तो सत्तरीतच आला होता. आमच्या बाईसाहेब त्या नियमाच्या आधीच्या. डबा हरवायला तो मुळात असावा लागतो.

मधल्या मध्ये पीयूसीही झाली. तिथल्या पोरानं सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांच्या आत आला, गाडी पास.

"अरे, पण वास?"

"काका, वासाचा रकाना नाही यात."

आमचा डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला. कारखान्यांवर केवढे निर्बंध! माझी डिकी मात्र मोकाट.

शेवटी मेस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "टाकी फुल केल्यावर जास्त येतो का?" येत होता, तोही वळणावर. त्यांनी स्टेपनी, सतरंजी आणि जॅक बाहेर काढून टाकीच्या तोंडाकडून येणारा जाड रबरी पाइप बोटांनी वाकवला. वरून काळाकुळकुळीत, ठणठणीत. वाकवताच अंगभर भेगा, आणि एका भेगेच्या कडेला पेट्रोलचा ओला डाग. रबर वयानं मरतंच, त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. ते जुन्या रबराला मानवत नाही. नवा पाइप, दोन टोकांना क्लिपा, झाकणाला नवं वायसर, आणि लगे हाथ कार्बोरेटरची नळीही बदलली.

वास गेला. अगदी पूर्ण नाही, कारण अशा जुन्या टाकीला हवा घ्यायला वाट लागतेच. ती बुजवली तर टाकीत पोकळी होऊन इंजिनाला पेट्रोल मिळायचं बंद होतं. सौभाग्यवती अजून रिक्षानंच जातात, आता म्हणे सीट टोचते.

तुमच्याकडे अशी म्हातारी गाडी असेल तर हरवलेल्या वस्तूंची यादी मागाहून करा, आधी पाइप वाकवून बघा. आणि बघताना विडी विझवा.